डावा हात

माझा उजवा हात भरून झाला होता आणि डावा बांगड्या भरणारीच्या हातात होता. तेवढ्यात तिचा दीर दुकानाच्या पायरीशी आला. वर चढलाच नाही. तिथूनच म्हणाला, "वहिनी, भाऊ गया. सुरतमा पटकी लागनी."

बांगडी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी आली होती. ती तिथेच थांबली.

खापर गावच्या बाजारात एका मारवाड्याच्या दुकानात ती नुकतीच कामाला लागली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींची गर्दी होते, म्हणून शेठनं किराण्याशेजारी बांगड्या मांडल्या आणि भरायला हिला ठेवलं. ती आमच्या शेजारची. नवरा सुरतेला गिरणीत, घरात ती आणि लहान पोरगी. सकाळी शिंदीच्या केरसुण्या बांधायची, दुपारी दुकान, दिवे लागल्यावर लोकांच्या गोधड्या शिवायची. शिंदीनं बोटं चिरलेली असत, पण तिच्या हातून बांगडी फुटलेली मी पाहिली नाही. प्रत्येकीला म्हणायची, "हात ढिला सोड वं माय, काच तुन्हा वैरी नै शे." एखादी फारच आखडली तर, "सासू शे का मी तुन्ही?"

काम मिळालं त्या दिवशी माझ्या आईला सांगायला आली, "आते सावलीमा बसीसन खासू." केरसुण्या मात्र सोडल्या नाहीत. सावलीवर तिचा तेवढा भरवसा नव्हता.

तर दीर बोलला, आणि माझ्या आत्यानं माझा हात ओढून घेतला. "सोड तिन्हा हात! नवरी शे ती."

नवरीचा चुडा सुवासिनीनंच भरायचा, हे तुम्हाला सांगायला नको. आणि एक हात रिकामा ठेवून नवरीनं उठायचं नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून शेठाणी पुढे झाली. तिला तूर पाखडता येत होती, बांगडी भरता येत नव्हती. दोन फुटल्या. माझ्या मनगटातून रक्त आलं.

"पोरगीच हात आखडते," शेठाणी म्हणाली.

भरणारी बाजूला खांबाला टेकून उभी होती. रडत नव्हती. माझ्या हाताकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "ढिला सोड वं माय."

मी उठले आणि हात तिच्यापुढे धरला. आत्या ओरडली. मी म्हटलं, "भर." त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. हात दुखत होता.

तिनं भरला. एकही बांगडी फुटली नाही. माझं रक्त तिनं पदरानं पुसलं. मग तिथेच खाली बसली, हाताला साबणाचं पाणी लावलं आणि स्वतःच्या बांगड्या एकेक करून अख्ख्या उतरवल्या.

"फोडतस त्या," आत्या म्हणाली. "अश्या काढतस नै."

"का बरं फोडू? मन्ही पोरले होतीन." तिनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या.

शेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. तो वाईट माणूस नव्हता. गिऱ्हाईक तुटेल एवढंच त्याला दिसत होतं. ती म्हणाली, "मांगे बसीसन दाणा निवडू का, शेठ? कोन्हा हातले हात लावाव नै." शेठ तराजूच्या दोऱ्या सरळ करत बसला.

ती पायरी उतरून गेली. दीर तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून मागे चालला होता.

पुढे केरसुण्या आणि गोधड्याच राहिल्या. गोधड्यासुद्धा कमी झाल्या, कारण बाळंतिणीची गोधडी तिच्याकडे कोणी देईना. त्याच वर्षी भादव्यात ती तापानं गेली. अर्धवट बांधलेल्या केरसुण्या दाराशी पडल्या होत्या. पोरीला मामानं नेलं.

माझं लग्न वर्षभरही टिकणार नाही, असं गाव म्हणत होतं. माझा नवरा नातवंडं खेळवून गेला. आत्या गेली, शेठ गेला, शेठाणी गेली, तो दीरही गेला. त्या दिवशी दुकानात होतो त्यातली मी एकटी राहिले आहे.