कोरडी आंघोळ

बाथरूम बांधायला काढली, तर तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल? टेपवर, कॅटलॉगवर, की दुकानदारावर? दुकानदार मीच आहे, तेव्हा संकोच न करता सांगा.

लकडगंजात नळ, टाइल्स आणि संडासाची भांडी विकत मी पंचवीस वर्षं काढली. शिक्षण सातवी. या धंद्यात माल विकला जातो आणि किस्से मात्र साठत जातात, कारण माणूस बैठक दाखवताना जे लपवतो, ते न्हाणीचं माप देताना आपोआप सांगून टाकतो.

भरवशाचा हा प्रश्न मला सक्करदऱ्याच्या देवतळे गुरुजींनी विचारला होता. दोन खोल्यांचं घर, न्हाणी चार फूट बाय साडेचार. त्यांच्या पत्नी इंदूताई यांची उजवी बाजू लकव्यानं गेलेली. न्हाणीत त्यांना बसवणं जमेना, म्हणून दोन वर्षं गुरुजी त्यांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चादर आडवी बांधून आंघोळ घालत होते. ताईंना ते सोसत नव्हतं. दिवाळी झाली की उमरेडला भावाकडे जाते, तिथं घरात बायका तरी आहेत, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. त्यांनी जाऊ नये, एवढंच गुरुजींना हवं होतं. "शेठ, काम एकदाच होईल. कोणाच्या हाती देऊ?"

नामदेव मिस्त्रीच्या, असं मी म्हटलं. का, ते पटवायला चहा मागवून जे किस्से त्यांना ऐकवले, तेच तुम्हाला ऐकवतो.

*

पहिला माझ्याच फजितीचा. नवीन असताना मी कॅटलॉगातलं चित्र पाहून एका वकिलांकडे नळ बसवून दिला. चित्रातला साहेब उभा राहून आंघोळ करत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आमचे वकील पाटावर बसणारे. उठले की डोकं थेट नळावर! तिसऱ्या दिवशी कपाळावर टेंगूळ घेऊन दुकानात आले. मी घाबरून पैसे परत देतो म्हटलं.

"पैसे राहू द्या," वकील म्हणाले. "तुम्ही फक्त एकदा आमच्याकडे आंघोळीले या."

तो नळ खाली घ्यायला जो मिस्त्री गेला, तो नामदेव. त्यानं टेप काढलाच नाही. न्हाणीत कोरडा पाट टाकला, शेजारी रिकामी बादली ठेवली आणि म्हणाला, "बसा जी. आंघोळ करून दाखवा." वकील काळ्या कोटासकट बसले. हात जिथं जिथं गेला, तिथं नामदेवनं भिंतीवर खडूनं खूण केली. इथं नळ, इथं साबण, इथं कोपर लागतो म्हणून इथं काहीच नाही. तेव्हापासून आमच्या दुकानात या प्रकाराचं नाव पडलं कोरडी आंघोळ.

*

गांधीबागेत कापडाचे एक ठोक व्यापारी होते. देह दांडगा, न्हाणी कपाटाएवढी. कोरडी आंघोळ करायला आधी लाजले, मग रंगात आले. पाठ घासली, डोक्यावर गडवा उपडा केला, डोळे गच्च मिटले आणि आंधळ्यासारखा भिंतीवर हात फिरवत ओरडले, "टावेल!"

हात जिथं फिरत होता, तिथं नामदेवनं खूण केली आणि नंतर खुंटी ठोकली. महिन्याभरानं त्यांच्या पत्नी दुकानात येऊन मला म्हणाल्या, "तुमच्या मिस्त्रीनं माही वीस वर्षांची नोकरी सोडवली."

*

एका बँकेच्या साहेबांना टब हवा होता. पाच बाय सहाच्या बाथरूममध्ये! नामदेवनं जमिनीवर खडूनं टब आखला आणि दोन दिवस रेघेवर पाय न देता आंघोळ करून पाहा, असं सुचवलं. साहेबांनी ऐकलं नाही. माझंही दुकान आहे, मी टब विकला.

मे महिन्यात नळ तासभर यायचा. साहेब रस्त्यात भेटले, मी भीत भीत टबाची चौकशी केली. "एकदम बेस्ट," ते म्हणाले. "दोन दिवसांचं पाणी मावते. आम्ही बाजूले बसून आंघोळ करतो."

*

आता रंगाचं. एका पोस्टमनला गुलाबी टाइल्स फार आवडल्या, पण ऐपत दोन ओळींची. अशा वेळी लोक त्या खाली लावून पाण्यात घालवतात. नामदेवनं त्याला पाटावर बसवलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर दोन ओळी लावल्या. वरती नुसता चुना. "वरचं पाहुण्यायले दाखवाले असते," तो म्हणाला. "तुमचे पाहुणे काय इथं बसून राहिले?"

जमिनीसाठी मी टाकून द्यायला काढलेल्या फुटक्या टाइल्सची पेटी पोस्टमन घेऊन गेला. त्याच्या मुलीनं तुकडे मांडले, नामदेवनं ते सिमेंटमध्ये बसवले. जमीन अशी उठून दिसली की मोहल्ल्यातले बंगलेवाले दुकानात येऊन तेच डिझाइन मागू लागले. माझ्याकडे फुटका माल संपला. मग काय, त्या वर्षी मी अख्ख्या टाइल्स हातोडीनं फोडून विकल्या.

*

हे ऐकून गुरुजींनी नामदेवला बोलावलं. मीही गेलो.

नामदेवनं नेहमीसारखा पाट टाकला आणि गुरुजींना विचारलं, आंघोळ तुम्हीच घालता ना? मग घालून दाखवा. गुरुजी उकिडवे बसले. समोर रिकामी जागा. तिच्यावर त्यांनी रिकामा गडवा ओतला, एका हातानं न दिसणारं डोकं सांभाळलं, दुसऱ्यानं साबण लावला. नामदेव मुकाट्यानं खुणा करत गेला. सगळ्या खुणा खाली, गुरुजींच्या हाताशी.

खाटेवरून ताई हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, आंघोळ कोणाची होऊन राहिली? माही का यांची?"

नामदेवचा खडू थांबला.

"माही असन, तर मले काहून नाही बसवत?"

नामदेवनं ओलं फडकं घेतलं आणि सगळ्या खुणा पुसल्या. गुरुजींनी ताईंना आधार देऊन आत आणलं. त्यांना इतकं खाली बसता येईना, म्हणून पाटाखाली विटा रचत रचत तो खुर्चीइतका उंच केला. मग ताईंनी डावा हात हळूहळू भिंतीवर फिरवला. जिथं पोचला तिथं खूण. गुरुजी मध्येच म्हणाले, जागा फार लहान आहे हो.

"लहान आहे तेच बरं आहे जी," नामदेव म्हणाला. "मोठी असती तर ताई पडल्या असत्या. इथं पडाले जागाच नाही."

आठ दिवसांत काम झालं. बसायला भिंतीला लागून पक्का ओटा, वर घासलेली शहाबादी फरशी. उजव्या खांद्याला भिंतीचा टेका. नळ, साबणाचा कोनाडा, धरायची लोखंडी कडी, सगळं डावीकडे. दार बाहेर उघडणारं, आतून ओढायला सुतळीचा फास.

काम सुकलं त्या सकाळी गुरुजींनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. त्यांनी ताईंना ओट्यावर नेऊन बसवलं. तेही आत थांबणार होते, पण ताईंनी त्यांना बाहेर पाठवलं आणि फास ओढून दार लावून घेतलं. गुरुजी आमच्याजवळ येऊन बसले, पण त्यांचा कान दाराकडे.

आधी नळाचा आवाज आला. मग गडव्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

गुरुजी उठले, दाराशी गेले. "झालं का?" त्यांनी दार ठोठावलं. "इंदू, बरी आहेस ना?"

आतून ताईंचा आवाज आला. "काहून आवाज देऊन राहिले जी? बसू द्या ना. दोन वर्षांनी एकटी बसली मी."