कोंबड्यांचे खडक आन् आमचा बैल

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर न्हाई.

शिरूरची आम्ही खडीक्रशरवाली आठ जणं व्हिएतनामला फिरायला आलोय. आज हालाँगच्या खाडीत बोटीतून दोन खडक बघितले, हुबेहूब झुंजायला उभे राहिलेले कोंबडे! आन् माझ्या तोंडातून निघालं, "आप्पा, ह्याची किती ब्रास खडी निघंल?"

सगळे हसले. माझे पार्टनर आप्पा तेवढे हसले न्हाईत. म्हणाले, "आपल्या बैलाची किती निघाली व्हती?"

गावामागं बसल्या बैलासारखा डोंगर व्हता. तो आम्हीच फोडला.

दुपारी लेकीला कोंबड्यांचा फोटो धाडला. तिनं विचारलं, "पप्पा, आपल्याकडं असलं काय हाय का?"

दोन तास झाले, टाइप करतोय आन् खोडतोय. तुम्ही काय लिहिलं असतं?