दोन ग्लासांची पद्धत

सूपचा पहिला चमचा तोंडात घेतला आणि मी तो परत वाटीत सोडला. चारचौघांत असं करू नये हे मला कळतं. पण टेबलावर मी एकटाच होतो, बघायला कोणी नव्हतं.

सूप खारट होतं. मिठाचा हात जड पडला की जसं होतं तसं नव्हे. गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा रेंगाळत होता.

वरवट बकाल गावाच्या रस्त्यावरचं हे चायनीज हॉटेल. दुपारचे अडीच वाजले असतील. आत शिरलो तेव्हा वेटरने विचारलं होतं, "कितने लोग?" मी एक बोट वर केलं. एकट्या माणसाला हॉटेलात जी जागा मिळते ती मिळाली. बेसिनच्या शेजारी, भांडी घासायच्या मोरीसमोर. पंखा शेजारच्या रिकाम्या टेबलाला वारा घालत होता. ऑर्डर घ्यायला वीस मिनिटं, सूप यायला आणखी अर्धा तास. मागवलं हॉट अँड सोअर, आलं मंचाव. सोबतच्या नूडल्स पांढऱ्याफटक, सोया सॉसचा रंगसुद्धा नाही.

वेटर खिडकीकडे तोंड करून उभा होता. तिसऱ्या हाकेला आला. शकील त्याचं नाव, पस्तिशीचा माणूस.

"हे सूप जरा चाखून पाहा," मी म्हणालो.

"नाही चाखत, साहेब. मले माहीत हाय कसं हाय ते. सारे तेच सांगून राह्यले. म्हणून तं मी टेबलापाशी येतच नाही. कुकच्या नावाच्या शिव्या मी काऊन खाऊ?"

"मग मालकांना सांगा ना."

"सांगून झालं. आज त्याचा आखरी दिवस हाय. उद्या अकोल्याहून नवा कुक येऊन राह्यला. ते पाहा, बॅग भरून ठेवली त्यानं."

मागच्या दाराशी एक निळी बॅग होती. तिच्यावर घडी घातलेला स्वेटर. आमच्या भागात सप्टेंबरात स्वेटर कोणी बाहेरही काढत नाही. ज्याला लांब, थंड मुलखात जायचं आहे त्याचाच तो असणार.

पैसे देऊन उठावं असं मनात आलं. दोन वर्षांत मला याची सवय झाली होती. जेवण वाईट असो की चांगलं, आपण खावं आणि निघावं. ओळखीच्या खानावळीत मी जातच नव्हतो. तिथे वाढणारा विचारतो, "आज डबा नाही का?" डबा देणारी बायको, मंगला, गेली, हे किती जणांना सांगत बसायचं? त्यापेक्षा जिथे वाढणारा ओळखत नाही तिथलं खारट सूप बरं.

तेवढ्यात माझी नजर मोरीवर गेली. धुतलेली ताटं आणि काचेचे ग्लास जाळीवर वाळत होते. चकचकीत. एकाही ग्लासावर डाग नव्हता.

मी दचकून वाटी बाजूला सारली. ग्लास चकचकीत दिसले म्हणून माणूस घाबरतो, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. म्हणून माझा धंदा सांगतो.

मी आरओ प्लँट बसवतो आणि त्यांची सर्व्हिस करतो. आमचा हा खारपाणपट्टा. बोअर मारली की पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि धुतलेलं भांडं वाळलं की त्यावर पांढरे डाग उमटतात. आरओ प्लँट काय करतो, तर हे पाणी जोराच्या दाबाने मेम्ब्रेनमधून ढकलतो. मेम्ब्रेन म्हणजे अतिशय बारीक चाळणी समजा. एका नळीतून गोड पाणी निघतं. चाळणीने अडवलेला सगळा खारेपणा दुसऱ्या नळीतून निघतो. त्या पाण्याला आम्ही रिजेक्ट म्हणतो. ते बोअरच्या पाण्यापेक्षाही खारं.

मोठ्या शहरात रिजेक्ट सरळ गटारात जातं. आमच्याकडे पाणी फेकायला कोणाचा हात उठत नाही. मग छतावर दोन टाक्या ठेवायच्या. गोड पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, रिजेक्ट फरशी पुसायला आणि भांडी घासायला. त्यामुळे या पट्ट्यातल्या हॉटेलातला ग्लास डागाळलेला असणार हे ठरलेलं. इथे तो चकचकीत होता. म्हणजे ग्लास गोड पाण्याने धुतले जात होते. मग सूप कोणत्या पाण्याचं होतं?

आणि हा प्लँट आठ महिन्यांपूर्वी मीच बसवला होता. तेव्हा हॉटेल सुरू व्हायला आठवडा बाकी होता, म्हणून शकील मला ओळखत नव्हता.

मी उठलो आणि किचनमध्ये गेलो. कोणी अडवलं नाही. त्या हॉटेलात कोणालाच कशाचं काही उरलं नव्हतं.

कुक कढई घासत होता. बुटका, रुंद खांद्यांचा, चाळिशीच्या आतबाहेरचा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक शिव्या देणारा आला अशा तयारीने कढई खाली ठेवली.

"सूप का बात है ना साब? मेरेको मालूम है."

मी खिशातला टीडीएस मीटर काढला. टीडीएस म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा. मीटर पेनाएवढा असतो, पाण्यात बुडवला की आकडा दिसतो. भट्टीजवळच्या नळाचं पाणी ग्लासात घेतलं, मीटर बुडवला. चार हजारांच्या वर. मोरीच्या नळाचं पाणी घेतलं. एकशे वीस. टेबलावर पिण्याचं पाणी बाटलीबंद होतं, म्हणून गिऱ्हाइकांना पत्ता लागला नव्हता.

छतावर गेलो. दोन्ही टाक्यांमधून दोन सारखेच पांढरे पाइप खाली उतरत होते. त्यांच्यावर ना रंगाची पट्टी, ना खूण. माझ्यामागून नळ जोडायला जो प्लंबर आला, त्याने एक पाइप इकडे आणि एक तिकडे जोडला. त्याला काय स्वप्न पडणार होतं? चूक त्याची नव्हती.

माझी एक पद्धत होती. प्लँट सुरू झाला की घरातल्या किंवा दुकानातल्या सगळ्यांना बोलवायचं आणि प्रत्येकाला दोन ग्लास द्यायचे. एक गोड, एक रिजेक्ट. लोक रिजेक्टची चूळ थुंकायचे, हसायचे, एकमेकांना पाजायला धावायचे. मग मी पाइपांना निळी आणि लाल पट्टी बांधायचो. ही पद्धत मंगलाची. आमच्या घरी प्लँट बसवला तेव्हा तिने पहिलाच चहा रिजेक्टचा केला होता. कप माझ्यासमोर आपटून म्हणाली होती, "लोकांच्या घरी असंच न सांगता निघून येता का? चाखवत जा त्यांना."

ती गेल्यावर मी दोन ग्लास बंद केले. कारण सांगायला लाज वाटते. पाणी चाखून झालं की चहा येतो. चहाबरोबर माणसं बसतात. आणि आमच्याकडे माणसं बसली की पहिला प्रश्न, "घरी कोण कोण असतं, भाऊ?" तो प्रश्न मला नको होता. म्हणून काम संपलं की हत्यारं पेटीत टाकायची, फोनवर मालकाला कळवायचं आणि गाडीला किक मारायची. इथेही मी तेच केलं होतं. पट्टीसुद्धा बांधली नव्हती.

छतावर पाच मिनिटं उभा राहिलो. दोन्ही पाइपांचे जोड हाताशी होते. अदलाबदल करायला दहा मिनिटं पुरली असती. खाली जाऊन म्हणायचं, सर्व्हिस झाली, येतो. उद्या नवा कुक आला असता, सूप चांगलं झालं असतं, आणि सगळे म्हणाले असते, पाहा, कुक बदलला आणि चव आली. मला कोणी एका शब्दाने बोललं नसतं. मालक प्रमोदभाऊंच्या नात्यागोत्यात तालुक्यातले माझे निम्मे प्लँट आहेत. माझं नाव खराब झालं तर या वयात दुसरं काय करणार, ही भीती खोटी नव्हती.

मी पाइप बदलले. जुनं पाणी नळांतून सोडून दिलं. खाली आलो तर प्रमोदभाऊ गल्ल्यावर बसलेले.

"अरे, आरओवाले काका! तुम्ही कवा आले? जेवले का?"

"भाऊ, कुकला बोलवा. शकीललाही."

"काऊन? काय झालं?"

"बोलवा तर खरं."

दोघे आले. मी दोन ग्लास मांडले. एक मोरीच्या नळाचा, एक भट्टीजवळच्या नळाचा. आता ज्या त्या नळाला जे ते पाणी येत होतं. प्रमोदभाऊंनी मोरीच्या पाण्याचा घोट घेतला आणि तिथेच थुंकले.

"हे काय पाजून राह्यले, काका?"

"आठ महिने तुमच्या गिऱ्हाइकांनी या पाण्यातलं सूप प्यायलं. नूडल्स यातच उकडल्या, भात यातच शिजला. पाइप उलटे जोडले गेले होते. मी खूण केली नाही, दाखवलं नाही, कोणाला चाखवलं नाही. चूक माझी आहे."

प्रमोदभाऊंचा आवाज चढला. "आठ महिने मी ह्याले बोलून राह्यलो! मिठाचा हात आवर, मिठाचा हात आवर! तो म्हणे, साब, मी मीठ टाकतच नाही. मले वाटलं, खोटं बोलते. मंग म्हणे, पाणी खारं हाय. मी म्हटलं, बाबू, इकडचं पाणी असंच असते, आमी पिढ्यान्‌पिढ्या हेच पेऊन राह्यलो. काका, तुम्ही माही इज्जत घालवली ना!"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

कुकने गोड पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट तोंडात खेळवला. मग दुसरा. मग खाऱ्याचा एक. पुन्हा गोड. पाण्याची नाही, स्वतःची परीक्षा घेतल्यासारखं तो करत होता.

"मेरेको लगा मेरा जीभ खराब हो गया," तो म्हणाला. "नमक बंद किया, सॉस बंद किया, फिर भी खारा. रात को सोचता था, कोई बीमारी हो गया क्या. घर पे भी नहीं बताया. कुक का जीभ गया तो क्या बचा?"

गिऱ्हाइकाचं नुकसान मी भरून देतो. मेम्ब्रेन बदलून देतो, फेरीचे पैसे घेत नाही. याचं मी काय बदलून देणार होतो?

तो किचनमध्ये गेला. भट्टी पेटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने लसणाचा आणि सोया सॉसचा वास बाहेर आला. शकील खिडकीजवळून हलला. कुक प्लेट घेऊन आला, पण कोणासमोर ठेवली नाही. तिथेच उभ्या उभ्या खाल्लं. प्रत्येक घास सावकाश. अर्धी प्लेट संपली तेव्हा मान हलवली, आणि उरलेली माझ्यासमोर ठेवली.

नूडल्स चांगल्या होत्या. आणखी काय सांगू? चांगल्याच होत्या.

"रुक जा ना, भाई," प्रमोदभाऊ म्हणाले. "अकोल्यावाल्याले मी नाही म्हणतो. तुह्या हातात चव हाय."

"नहीं साब. टिकट हो गया."

"टिकट कॅन्सल होते!"

तो बॅगेवरचा स्वेटर आत कोंबत होता. "अब खाना अच्छा बनेगा साब, मालूम है. लेकिन आठ महीना बोला, किसीने सुना नहीं. इधर बात किससे करेगा?"

प्रमोदभाऊ वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी हिशेब चुकता केला आणि शेगाव स्टेशनापर्यंत सोडायला गाडी काढायला निघाले. मी म्हटलं, मला शेगाववरूनच खामगावला जायचंय, मी सोडतो.

हत्यारांची पेटी पुढे पेट्रोलच्या टाकीवर घेतली. तो मागे बसला, मांडीवर बॅग. वाटेत त्याचं नाव विचारलं. बिमल. दार्जिलिंगच्या खालच्या अंगाला त्याचं गाव. हॉटेलात सगळे त्याला 'ए नेपाळी' म्हणायचे. गावी डोंगरातून झरा येतो आणि बांबूच्या नळीने घराघरांत जातो, असं त्याने सांगितलं. दोन्ही बाजूंना कपाशी होती.

स्टेशनाबाहेर चहा घेतला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आपने बोल तो दिया." मग कप हातात फिरवत त्याने विचारलं, "आपके घर में कौन कौन है, साब?"

दोन वर्षं ज्या प्रश्नापासून मी पळत होतो, तो या माणसाने विचारला. आणि याला खोटं सांगायचा हक्क मला नव्हता.

"कोई नहीं," मी म्हणालो. "बायको होती. गेली."

त्याने मान हलवली आणि आणखी दोन चहा सांगितले. त्याची गाडी येईपर्यंत मी मंगलाबद्दल बोलत होतो. माझ्या मोडक्या हिंदीतलं त्याला किती कळलं कोण जाणे. तिने खाऱ्या पाण्याचा चहा केला होता ते सांगितल्यावर मात्र तो हसला. मग गाडी आली. नंबर घ्यायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

प्रमोदभाऊंनी माझं कंत्राट काढून घेतलं. आणखी तीन ठिकाणांहून फोन यायचे बंद झाले. ते रास्तच झालं. नव्या कुकच्या हाताला चव आहे असं ऐकतो. मी तिथे परत गेलो नाही.

आता प्लँट सुरू झाला की पाइपांना आधी पट्टी बांधतो, मग सगळ्यांना बोलावून दोन ग्लास पाजतो. स्वयंपाक करणाऱ्याला पहिल्यांदा. लोक थुंकतात, हसतात. मग चहा येतो आणि कोणीतरी विचारतंच, घरी कोण कोण असतं, भाऊ? मी सांगतो, एकटाच आहे. मी चहा संपवतो आणि मगच उठतो.