जेवणाऱ्या बाईचं चित्र

१९५९ साल. मी सत्तावीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीतच सोडलेली, पण वाडीत माझ्या शब्दाला मान होता आणि तो मी कोणाकडे मागायला गेलो नव्हतो.

त्या वर्षी धामापूरच्या बाजूच्या आमच्या वाडीत ग्रामसेविका आली. घाटावरची, शुद्ध बोलणारी. दुपारी देवळाच्या मंडपात तिने बायकापुरुषांना जमवलं आणि पुठ्ठ्यावर रंगवलेली चित्रं मांडली. आवडेल ते उचला आणि मनात काय येतं ते सांगा, म्हणाली. बायका चारचौघांत बोलत नाहीत, पण हातात चित्र असलं की बोलतात, असं तिचं म्हणणं.

पुढे आमचे म्हातारे गुरव बसलेले. देवाला कौल लावायचं काम त्यांचं. देवासमोर मांडलेलं उचलायचं म्हणजे आमच्याकडे तो कौलच.

"आपलो कौल आपण निवडूचो नसता, बाय," ते म्हणाले. "चित्रा उलटी घाल."

सगळे पुठ्ठे पालथे झाले. बायका हात धुऊन आल्या. हा कौल नाही हो, असं ग्रामसेविका सांगत राहिली. ऐकतो कोण?

शेजाऱ्याच्या हाताला म्हशीचं चित्र आलं. "माका माझी बायल आठवली," तो म्हणाला.

मागून त्याची बायको म्हणाली, "म्हस दूध तरी देता. तुमी काय देतास?"

मंडप हसला. मला घराचं चित्र आलं. मी ताठ उभा राहून म्हटलं, "ह्या माझा घर. थंय कोण उपाशी रवणा नाय."

मग वयनी उठली. थोरला भाऊ वारल्यापासून ती आमच्याकडेच, रांधणं-वाढणं सगळं तिच्याकडे. तिला पाटावर बसून जेवणारी बाई आली.

"ही ऊन ऊन जेवता," ती म्हणाली. "माका भूक लागता. सगळ्यांचा जेवान झाला काय टोपात खरवड रवता, ती खातंय. रात्री ती पण नाय, सासूबायंचो नेम."

विधवेने रात्री जेवायचं नाही हा आईचा नेम आहे, हे मला त्या घटकेला कळलं. मला वाटायचं, वयनीने आपणहून उपास धरलेत. रोज रात्री तिच्याच हातचं तिसऱ्यांदा मागून जेवणारा मी.

बायकांत बसलेली आई म्हणाली, "गप बस गो. घरात भाताचे कणगे भरलेले आसत, लोक काय म्हणतले?"

"कौल लागलो," गुरव म्हणाले. "आता तो परत फिरवूक येवचो नाय."

घरी येताना चार पावलं मागून वयनी येत होती आणि मागे वळून तिच्याकडे बघायचा मला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्यापुढे पेज ठेवली. मी म्हटलं, "आदी वयनीक."

"पेज निवतली तुझी."

"निवांदे."

आई रागाने परसात गेली. मी उठलो, वयनीसाठी पाट मांडला, मडक्यातली ऊन पेज माझ्या हाताने तिला वाढली. आणि ती जेवत असताना कोणी कामाला हाक मारू नये म्हणून स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभा राहिलो.