गॅरेजमधलं पातेलं

थंडी पडली की मी बीफ आणि राजम्याचं सूप करतो, चीझ घालून. गॅरेजमध्ये करतो, विजेच्या शेगडीवर. ज्या पातेल्यात ते होतं ते पातेलं घराच्या आत कधी आलेलं नाही. त्याच्या दोन्ही कानांना लाल टेप गुंडाळलेली आहे. डाव वेगळा, किसणी वेगळी, धुणंही गॅरेजमधल्या सिंकमध्ये. ही अट बायकोने घातली आणि मी घासाघीस न करता मान्य केली. बंद पडलेल्या हॉटेलांची भांडी, शेगड्या, फ्रीज विकत घ्यायचे आणि नव्या हॉटेलवाल्यांना विकायचे हा माझा धंदा आहे. मी घासाघीस केली नाही याचा अर्थ मला ओळखणाऱ्यांना कळेल.

हे सूप आम्हाला घरमालकिणीने शिकवलं. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या मित्राला. न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावात तिच्या बेसमेंटमध्ये आम्ही दोघं राहायचो. तो पुण्याहून एमएस करायला आलेला, मी पेट्रोल पंपावर कामाला. पहिल्याच हिवाळ्यात हीटर बंद पडला आणि म्हातारी वरून दोन वाडगे घेऊन खाली आली. यात काय आहे हे आम्ही अर्धा वाडगा संपल्यावर विचारलं. तिने सांगितलं. मी चमचा खाली ठेवला. तो म्हणाला, "यार, आता पोटात गेलंच आहे. गार करू नकोस." चमचा मी ठेवला होता आणि त्याने तो उचलायला लावला. हे मी मुद्दाम लिहितोय.

करायला अगदी सोपं. खिमा तेल न घालता परतायचा, त्याचंच तेल सुटतं. त्यात कांदा, लसूण, जिरं. म्हातारी मिरचीची तयार पूड घालायची. मी कांदा-लसूण मसाला घालतो. मग टोमॅटोचा एक कॅन, राजम्याचा एक, पाणी, आणि झाकण. चीझ मात्र ठोकळ्याचं घ्यायचं आणि हाताने किसायचं. पिशवीतल्या किसलेल्या चीझला पिठी लावलेली असते, ते नीट विरघळत नाही. आणि चीझ घालायचं ते शेगडी बंद करून. उकळत्या सुपात घातलं तर त्याच्या तारा होतात.

पुढे त्याला मोठी नोकरी लागली, मी धंदा उभा केला, दोघांची लग्नं झाली. तरी थंडीतल्या शनिवारी तो यायचाच. गॅरेजमध्ये दोन घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही खायचो. जाताना तो दह्याच्या रिकाम्या डब्यात सूप भरून न्यायचा. घरी राजमा म्हणून सांगायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला भेटल्या की म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्या हातचा राजमा यांना फार आवडतो हो. मला चाखायलासुद्धा देत नाहीत." चाखायला देत नव्हता, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतो. त्याच्या प्रसादाचा मसालेभात वर्षानुवर्षं मी करायचो. त्याचं पातेलं निराळं, मूल आत बसेल एवढं, फक्त त्याच भातासाठी ठेवलेलं. आदल्या दिवशी बायको ते चिंच लावून घासायची. हॉलमध्ये डॉक्टर, इंजिनियर, कंपन्यांचे डायरेक्टर. माझ्याकडे डिग्रीचा कागद नाही. पण नैवेद्याचं पान वाढताना अध्यक्ष काकू सगळ्यांना थांबवायच्या आणि म्हणायच्या, "आधी याचा भात येऊ दे." या देशात मी बरंच काही मिळवलं, पण माझ्यासाठी कुणी थांबलंय असं तेवढ्या एका ठिकाणीच व्हायचं.

या वर्षी गणपतीआधी काकूंचा फोन आला.

"भात या वेळी केटररकडून मागवतोय रे."

"का? गेल्या वर्षी कमी पडला?"

"नाही रे बाबा. तुझ्याकडे ते... शिजतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"तुझाच मित्र. त्यानेच मीटिंगमध्ये विषय काढला. म्हणाला, उद्या कुणी मंडळाकडे बोट दाखवायला नको."

"तो स्वतः..." मी सुरू केलं. पण काकूंचा फोन स्पीकरवर होता. मागून वहिनींचा आवाज आला, "भाऊजींना सांगा, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं."

मी फोन ठेवला. मग गॅरेजमध्ये जाऊन एका जुन्या फ्रीजला लाथ घातली. बायको म्हणाली, "खरं काय ते सांगून टाका ना त्यांना." मला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

प्रसादाला मी गेलो. भात चिकट होता. खात्री करून घ्यायला मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांना हार घालत होता. पुढच्या वर्षी त्याला अध्यक्ष व्हायचंय, हे मला तिथे कळलं.

आणि थंडी पडल्यावर पहिल्या शनिवारी तो आला. काही झालंच नाही असा.

"वास रस्त्यापर्यंत येतोय यार."

"बस," मी म्हणालो आणि वाढलं. त्याला अर्धा वाडगा खाऊ दिला. "मीटिंगमध्ये तू बोललास."

"अरे, त्यात पर्सनल काही नव्हतं. कुणीतरी बोललंच असतं. मी निदान सभ्य शब्दांत बोललो."

"तूही खातोस, हे बोललास?"

"मी प्रसाद करत नाही ना."

उत्तर तयार करून आला होता.

"ठीक आहे. आत्ता काकूंना फोन लाव. सांग, मी इथे बसून तेच खातोय, आणि भाताचं पातेलं वेगळं असतं हे मला पहिल्यापासून माहीत आहे."

"वेडा झालास? तुझी वहिनी घर सोडून जाईल."

"नाही जाणार. तुला आंघोळ करायला लावेल."

तो हसला. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "हे बघ. मी अध्यक्ष झालो की भात तुझाच. शब्द देतो. फक्त हे लाल टेपचं पातेलं टाकून दे. म्हणजे मलाही चारचौघांत सांगता येईल."

"आणि मग शनिवारी तू काय खाणार?"

त्याने खरोखर विचार केला. "एखादं छोटं ठेव की."

मी आयुष्यभर भाव केले. समोरच्याने काहीही मागितलं तरी माझ्या तोंडात उलट भाव तयार असतो. या वेळी मी उठून किसणी धुवायला घेतली.

वाडगा संपवून तो उठला. "डबा देतोस ना?"

मी डबा भरला, झाकण लावलं. फ्रीजवर किंमत लिहायचा जाड मार्कर शेजारीच होता. झाकणावर आणि सगळ्या बाजूंनी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: बीफ. मराठीत, वहिनींना चष्म्याशिवाय वाचता यावं असं.

त्याने डबा फिरवून पाहिला. "हे पुसतं ना?"

"नाही."

"दुसऱ्या डब्यात दे यार."

"नाही."

तो गाडीत जाऊन बसला. थुंकी लावून अंगठ्याने झाकण घासताना मला काचेतून दिसत होता. मग खाली उतरला, डबा ड्राइव्हवेच्या कडेला टपालाच्या पेटीखाली ठेवला आणि गाडी काढली.

मी दारात थांबलो. भाव पटला नाही की गिऱ्हाईक बाहेर जातं ते परत हाक यावी म्हणूनच. मी हाक मारली नाही. तो कोपऱ्यावर वळला तरी ब्रेकचे दिवे लागले नाहीत.

डबा उचलून आणला, सूप पातेल्यात ओतलं आणि पुन्हा उकळलं. चीझच्या तारा झाल्या. मी उभ्यानेच ते संपवलं.

पातेलं तिथेच आहे. दुसरी खुर्ची मी त्यानंतर आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला दिली, त्याने सांगितलेल्या भावात.