आधी साखर खा, मग सांग

चंडीगडच्या कडेला, मनीमाजऱ्यातल्या त्या घराच्या गच्चीवर दोन राज्यं नांदत होती. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की मोबाइलवर चंडीगडचं नेटवर्क यायचं, जिन्याच्या तोंडाशी आलं की हरियाणाचं. आणि तेव्हा चंडीगडच्या प्रीपेड कार्डाचा फोन हरियाणात शिरला की तोंडाला कुलूप! म्हणून कांचन वानखडे दिवसातून चार वेळा एक हात कमरेवर ठेवून जिना चढायची, टाकीला पाठ टेकायची आणि नोकियावरून एक आकडा पाठवायची. पंच्याण्णव. एकशे अठरा. एकशे चाळीस. बस, एवढंच. मग उत्तराची वाट बघायची. मिनिटाभरात हातातला फोन थरथरायचा.

घरमालकीण बीजींच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. "बहूरानी, दिन में चार बार छत पे? किस से बात करती है?"

"डॉक्टर से, बीजी."

"डॉक्टर छत पे रहता है?"

बीजींचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही. पण जिन्यात तिच्या वाटेत येणारी बादली मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपणहून उचलून ठेवली.

कांचनचा नवरा दिगंबर सरकारी विमा कंपनीत. त्याची बदली अकोल्याहून चंडीगडला झाली २००२ साली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याचं रडणं कांचनला कधी ऐकायला मिळालं नाही. तिची साखर कुणी तपासलीच नव्हती. बाई ठणठणीत दिसतेय, मग कशाला तपासायची? २००४ मध्ये पुन्हा दिवस राहिले आणि इथल्या मोठ्या रुग्णालयात पाचव्या महिन्यात साखर वाढलेली सापडली. भरती व्हा, इन्सुलिन सुरू करू, असं सांगितलं गेलं. भरती? बाळंत होईपर्यंत? परक्या गावात, वॉर्डात, एकटीनं? कांचनला तिथेच रडू फुटलं.

त्या वेळी डॉक्टर ज्ञानदा पुढे आली. नागपूरची पोरगी, संशोधनासाठी इकडे आलेली, बोलण्यात मुलखाची घाई. फाइलवर अकोला वाचून तिनं सरळ मराठीच सुरू केलं. "मोबाइल आहे का घरी?"

"ह्यांचा आहे."

"आजपासून तो तुझा. साखर मोजायचं यंत्र मी देते. बोट टोचायचं, आकडा मला पाठवायचा, मी सांगीन तेवढंच इन्सुलिन घ्यायचं. आकडे ताब्यात राहिले तर घरी. नाही राहिले तर वॉर्डातली खाट तयार आहे. आणि हे बघ, मला खूश करायला आकडा कमी करून पाठवशील ना, तर मला बरोब्बर कळतं!"

दिगंबरनं त्याच संध्याकाळी पट्ट्यावरचं कातडी पाकीट काढून फोन बायकोच्या हातात ठेवला. त्या काळात पट्ट्याला फोन म्हणजे साहेबी थाट, पण गड्यानं हूं की चूं केलं नाही. आणि कांचनची काय गंमत सांगावी! आठवड्याभरात ती इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज असे टाइप करू लागली, की अंगठ्याकडे बघावंसुद्धा लागेना. एक पोळी की दोन? विचार ज्ञानदाला. पेरू चालेल का? विचार. उत्तर आल्याशिवाय बाई शेंगदाणाही तोंडात टाकायची नाही. दोन महिन्यांत साखरेचा कण तिनं जिभेला लावला नव्हता, आणि आकडे असे सुतासारखे सरळ आले होते की ती टाकीपाशी उभी राहून एकटीच हसायची.

फोनमध्ये मेसेज मोजकेच मावायचे. नवा आला की जुना पुसायचा. एकच तिनं कधी पुसला नाही. पहिल्या दिवशी आलेला.

मग आलं डोहाळजेवण. चंडीमंदिरच्या छावणीत राहणाऱ्या कर्नल साहेबांच्या पत्नी सुनंदाताईंनी ठरवलं, की माहेर लांब असलं म्हणून काय झालं, आपलं मराठी मंडळ आहे की! ताईंनी ठरवलं म्हणजे ठरलं. साखरेचं मात्र कांचननं मंडळात कुणाला सांगितलं नव्हतं. तरुण पोरीला हा आजार? चार तोंडांतून चौदा गोष्टी निघाल्या असत्या.

आणि इथेच ती फसली. ताईंच्या घरी लोकांसमोर सुई कुठे टोचायची, म्हणून तिनं निघतानाच टाकीपाशी जाऊन आकडा पाठवला. उत्तर आलं: आठ युनिट, अर्ध्या तासात जेव. तिनं घरीच टोचून घेतलं. जेवण एक वाजता म्हणजे एक वाजता, असा तिचा हिशेब. अहो, मराठी डोहाळजेवणात कुणी वेळेवर जेवलंय का कधी?

आधी फुलांचे दागिने. मग चंद्रकोरीवर बसवून फोटो. रोल संपला, दुसरा आणा! मग ओटी, मग गाणी. सेक्टर पंधरातल्या दोघी अजून यायच्याच होत्या, त्यांच्यावाचून पानं कशी वाढायची? दोन वाजत आले. डिसेंबरची थंडी, आणि कांचनच्या पाठीवरून घाम ओघळू लागला. हात कापायला लागले. "लाजतेय गं!" म्हणून बायका खिदळल्या.

ती उठून आतल्या खोलीत गेली. बोट टोचलं. चौपन्न! इतका खालचा आकडा तिनं कधी पाहिलाच नव्हता. घाईघाईनं तिनं तो ज्ञानदाला पाठवला. गेला नाही. पुन्हा पाठवला. नाही. मग तिच्या डोक्यात उजेड पडला: चंडीमंदिर म्हणजे हरियाणा! इथे ना टाकी, ना चंडीगड. आता विचारायचं कुणाला? साखर खावी, तर तीच साखर बाळाच्या जिवावर उठलेली. न खावी, तर डोळ्यांपुढे ही अंधारी. पुन्हा नाही, देवा, ह्या खेपेला नाही!

तिनं पहिल्या दिवशीचा, तो न पुसलेला मेसेज उघडला. "साठच्या खाली आलीस तर मला विचारू नकोस. आधी साखर खा, मग सांग."

ती भिंतीला धरून बाहेर आली. समोर पाटावर दोन वाट्या उपड्या घातल्या होत्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. जी उघडेल त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरायचं. "उघड गं, एक उघड!" बायकांनी गलका केला.

कांचननं एक वाटी उघडली आणि पेढा अख्खा तोंडात टाकला. एकच ओरडा झाला, "मुलगा! मुलगा!" तो विरतोय न विरतोय तोच तिनं दुसरी उघडली आणि बर्फीही कोंबली.

"अगं बाई, जुळी!"

"जुळी नाहीत," भरल्या तोंडानं कांचन म्हणाली. "माझी साखर उतरलीय. मला मधुमेह आहे. मला इन्सुलिन घ्यावं लागतं. मला आत्ता जेवायला द्या!"

सुनंदाताईंचा आवाज असा कडाडला, की कर्नल साहेबही बागेतून धावत आले असतील. "साखरेचं पाणी आणा! पानं वाढा! यायच्यात त्या आल्यावर जेवतील!" आणि कांचनच्या डोक्यावरून हात फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "वेडी कुठली. सांगायचं नाहीस होय?"

पंधरा मिनिटांनी आकडा आला ब्याऐंशी. कुणाला काही कळत नव्हतं, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना दिगंबरच्या स्कूटरनं चंडीगडची हद्द ओलांडली आणि कांचननं सगळी हकिगत एका दमात पाठवली. उत्तर लगेच आलं. "शाब्बास वाघिणी. पेढा कसा होता?"

फेब्रुवारीच्या अखेरीस मुलगी झाली. ज्ञानदा नेमकी रजेवर नागपूरला गेली होती. आईला मधुमेह, म्हणून नर्सनं बाळाच्या इवल्याशा टाचेला सुई लावली आणि आकडा मोठ्यानं वाचला. नवजात बाळाला एवढी साखर ठीक आहे, म्हणाली. कांचननं खाटेवर पडल्यापडल्या फोन मागितला आणि टाइप केलं: "बावन्न. माझी नाही, तिची."

या वेळी मेसेज आला नाही. फोनच वाजला. पलीकडून ज्ञानदा "हॅलो, हॅलो, कांचन?" करत राहिली. कांचननं फोन बाळाच्या तोंडाशी धरला. सुई टोचल्याच्या रागानं पोरीनं भोकाड पसरलं होतं, आणि ते नागपूरपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.