विमानाची खालची पायरी

वैजनाथ,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही. आपल्या धायरीच्या सोसायटीची स्मरणिका निघते आहे आणि 'आपल्या इमारतीतले विमान-अभियंते' या विषयावर मी लिहावं असा ठराव झाला. त्यांना वाटलं, निवृत्त प्राध्यापिका आहे, समोरच्याच दारात राहते, चार गोड शब्द लिहील. त्यासाठी त्यांनी दुसरं दार ठोठावायला हवं होतं.

तू परळीहून आईला घेऊन आलास तेव्हा पुण्यात जो तो संगणकाच्या मागे होता. तुला खराडीत नोकरी लागली. परदेशी कंपनीच्या विमानाचे भाग इथे बसून आखायचे. मोठं विमान नव्हे, लहान गावांना जाणारं सत्तर माणसांचं जेट. महिन्याभरात तू लिफ्टमध्ये 'आमचं विमान' म्हणायला लागलास. तुझ्या वाट्याला त्यातलं एक दार आलं होतं, तेही तिघांत मिळून.

या विमानांचं कुळ तूच मला वर्तमानपत्राच्या कडेला आकृत्या काढून सांगितलंस. अमेरिकेत लोकांना पंख्याचं विमान जुनाट वाटायला लागलं, म्हणून कुणीतरी श्रीमंतांचं खाजगी जेट लांबवून त्यात पन्नास खुर्च्या कोंबल्या. पन्नासच का, तर मोठ्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांशी झालेल्या करारात तेवढीच मुभा होती. म्हणजे आकार शास्त्राने नव्हे, युनियनने ठरवला. पुढे मुभा वाढली तशी विमानंही लांबली. तुमच्या विमानाची इंजिनं शेपटीशी, म्हणून पोट जमिनीलगत. दार बाहेर उघडून खाली आलं की तोच जिना. गावात शिडी नसली तरी अडत नाही. एवढं मात्र डोकं चालवलेलं होतं.

फक्त त्या जिन्याची खालची पायरी जमिनीपासून फार उंच राहत होती. परदेशी साहेबांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं, त्यांच्या तंगड्याच तशा. तुला दिसलं, कारण घरात यमुनाबाई होत्या. तुझ्या आईचे गुडघे गेलेले.

मग तू पार्किंगमध्ये प्लायवूडचा तसाच जिना उभा केलास. सेक्रेटरींनी स्कूटर कुठे लावू म्हणून नोटीस चिकटवली, तिच्यावर तू वॉर्निशचा डबा ठेवलास. तेवढं एकच धाडस माझ्या पाहण्यात आहे. यमुनाबाईंना चढायला सांगितलंस. त्या अंग तिरकं करून उभ्या राहिल्या, कठडा धरला, एक पाय वर टाकला आणि तिथेच बसल्या. मग तू खाली घडीची एक जादा पायरी जोडलीस. त्या नऊवारी सावरत सरळ वर गेल्या. वर पार्किंगची भिंत.

"आता कुठं जाऊ, लेकरा?" त्यांनी विचारलं.

बघायला जमलेल्या आम्ही सगळ्या हसलो. तू हसला नाहीस. ती पायरी विमानात गेली नाही तर आई कधी त्यात चढणार नाही, हे तुला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं. त्या दिवशी तू मला बरा वाटलास.

कंपनीचा बडा साहेब खराडीला येणार होता. तू म्हणालास, काकू, तुम्हाला इंग्रजीत भांडता येतं, तुम्ही चला, म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं त्याला तुम्हीच सांगा. मी तयार होऊन बसले. तू आलाच नाहीस. संध्याकाळी जिन्यात गाठलं तर बुटांकडे बघत होतास.

"साहेब म्हणाले, वजन वाढतं."

"मग तू काय म्हणालास?"

"नो प्रॉब्लेम म्हणालो."

तुमच्या त्या सगळ्या काचेच्या इमारतींमध्ये एवढे दोनच शब्द शिकवतात का? परीक्षेत पहिला आलेला पोरगा, रात्रंदिवस खपून पायरी केली, आणि समोर गोरा माणूस दिसला की नो प्रॉब्लेम. साहेबाने कदाचित ऐकलंही असतं. तू त्याला तेवढी संधीच दिली नाहीस. वर्षभरात तुला बढती मिळाली आणि तू त्यांच्या देशात गेलास. स्मरणिकेच्या मंडळाला त्याचंच कौतुक आहे.

पुढे ते विमान आपल्याकडेही उडायला लागलं. तू हौसेने आईला नागपूरचं तिकीट काढून दिलंस. त्या परत आल्या त्या दिवशी मी चहा घेऊन गेले. दोन हमालांनी खुर्चीसकट उचलून वर चढवलं, म्हणाल्या. "पोत्यावाणी. सगळे बघत व्हते. त्यांना सांगितलं न्हाई म्या, दार माझ्या लेकानं केलंय म्हणून."

हे मी तुला फोनवर शब्दाला शब्द सांगितलं.  तू म्हणालास, विमानाची नवी आवृत्ती निघते आहे, आराखडा खराडीलाच होणार आहे. दिवाळीत येतो, आपण दोघं जाऊ आणि सांगू.

त्या दिवाळीत तू आलास. पुढच्याही आलास. चॉकलेटं दिलीस, पाया पडलास, आईला गुडघ्यांचे नवे पट्टे आणलेस. खराडीचं मी दोन्ही वेळा विचारलं. दोन्ही वेळा तू म्हणालास, उद्या जाऊ, काकू.